विमानावर बर्फ कसा चढतो, आणि सिम्युलेटर त्यातलं किती दाखवतो

सिम्युलेटर उडवणाऱ्यांत एक समज घट्ट बसलेला आहे: बर्फ चढला की विमान जड होतं आणि जड झालं की खाली येतं. वजन वाढतं हे खरं, पण जीव घेतो तो बहुतेक वेळा बर्फाचा आकार. पंखाच्या पुढच्या कडेवर जाड पॉलिशपेपरइतका खरखरीतपणा आला, तरी लिफ्ट (विमानाला वर धरणारं बल) ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि ड्रॅग (हवेचा मागे ओढणारा अडथळा) ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, असं अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए वैमानिकांना वर्षानुवर्षं सांगत आली आहे. सेसनासारख्या छोट्या विमानावर एवढ्या थराचं वजन मागच्या सीटवर ठेवलेल्या बॅगेइतकंही भरत नाही.

पंखाचा पुढचा गोलावा बिघडला की वरून जाणारी हवा लवकर सुटते. म्हणजे स्टॉल (पंखाची उचल अचानक कोसळणं) समोरच्या हवेशी नेहमीपेक्षा कमी कोनात आणि जास्त वेगाला येतो. स्टॉलची सूचना देणारी यंत्रणा मात्र स्वच्छ पंखाच्या हिशोबाने बसवलेली असते. त्यामुळे आधी स्टॉल आणि मग भोंगा, असा उलटा क्रम लागू शकतो. कधी भोंगा वाजतच नाही.

शून्याखालचं पाणी

० अंशाला पाणी गोठतं हे शाळेत शिकलेलं ढगात लागू पडतंच असं नाही. ढगातले बारीक थेंब गोठायला एखादा कण लागतो, ज्याभोवती बर्फाची जडणघडण सुरू होईल. तो मिळाला नाही तर थेंब उणे १०, उणे २० अंशांतही पाणीच राहतात. अगदी उणे ४० च्या आसपासपर्यंत. फ्रीजरमध्ये विसरलेली पाण्याची बाटली बाहेर काढून जरा आपटली की डोळ्यांदेखत गोठते, तोच हा प्रकार. ढगात तो धक्का विमान देतं.

थेंब आदळल्यावर किती झपाट्याने गोठतो, यावर बर्फाची जात ठरते. ० ते उणे १० अंशांत, मोठ्या थेंबांच्या ढगात, पाण्याचा काही भागच लगेच गोठतो. उरलेलं पाणी पंखावर मागे पसरत जातं आणि मग गोठतं. हा क्लिअर आइस: काचेसारखा पारदर्शक, घट्ट चिकटलेला, चटकन न दिसणारा. उणे १५ च्या खाली, बारीक थेंबांत, पाणी आदळल्या जागीच गोठतं आणि मध्ये हवा अडकते. हा राइम: पांढरा, खडबडीत, तुलनेने ठिसूळ. मधल्या पट्ट्यात दोन्हींची भेसळ होते. उणे २० च्या खाली ढगात बर्फाचे कणच जास्त असतात. ते पंखावर आदळून उडून जातात, म्हणून पंखाचा धोका कमी होतो. इंजिन आणि वेग मोजणारी पिटो नळी यांचा धोका मात्र संपत नाही, त्याबद्दल पुढे.

सगळ्यांत वाईट म्हणजे गोठणारा पाऊस आणि गोठणारी भुरभुर. वर शून्यावरच्या हवेचा थर, खाली शून्याखालची हवा, आणि पाऊस वरून खाली येतोय, अशा वेळी थेंब मोठे असतात. ते पंखाच्या संरक्षित (बर्फ काढायची सोय असलेल्या) भागाच्या मागे जाऊन गोठतात. अशा पावसात सापडलात तर काही हजार फूट वर उबदार हवा असण्याची शक्यता बरीच असते, म्हणून खाली न जाता वर जाणं कधीकधी शहाणपणाचं ठरतं. विमानावर बर्फाचे छोटे गोळे ताडताड वाजत असतील, तर तुमच्या वरच्या थरात गोठणारा पाऊस आहे असं समजा.

बारीक वस्तूंवर बर्फ आधी चढतो. जाड पंखापुढे हवा दुरूनच वळते आणि हलके थेंबही तिच्याबरोबर वळून निघून जातात. पातळ कडेपाशी त्यांना वळायला वेळच मिळत नाही. म्हणून आधी तापमापकाची कांडी, अँटेना आणि पंखाला आधार देणारा दांडा म्हणजे स्ट्रट पाहावा. शेपटीचा आडवा पंख मुख्य पंखापेक्षा पातळ असतो, त्यामुळे त्यावर थर लवकर आणि जाड साचतो, आणि कॉकपिटमधून तो दिसत नाही.

तोच ढग, दोन विमानं

बाहेर उणे ५ अंश आहेत. सेसना ११० नॉटने चाललंय, जेट १०,००० फुटांवर २५० नॉटच्या दर्शवलेल्या वेगाने. समोरून आदळणारी हवा दाबली जाते आणि तापते. सेसनात ही वाढ जेमतेम दीड अंश, जेटमध्ये सुमारे ११ अंश. म्हणून जेटच्या कॉकपिटमध्ये दोन तापमानं कळतात: एसएटी म्हणजे बाहेरच्या हवेचं खरं तापमान, आणि टीएटी म्हणजे ही गरमी धरून आलेलं. इथे एसएटी उणे ५ आणि टीएटी अधिक ६. सेसनाच्या पंखावर थर चढत असताना जेटचा पंख ओलाच राहू शकतो. लँडिंगसाठी वेग कमी केला की ही सवलत संपते.

आता ७३७ किंवा ए३२० उडवणारे सिमर हमखास विचारतात ती गोष्ट. इंजिन अँटी-आइस (इंजिनाचं तोंड तापवणारी यंत्रणा) टीएटी १० अंश किंवा कमी असताना आणि दिसण्याजोगी आर्द्रता, म्हणजे ढग, पाऊस, बर्फ, दाट धुकं असताना लावायचं असतं. बर्फ शून्याला होतो, मग १० अंश का? जमिनीवर किंवा कमी वेगात, जास्त थ्रस्ट (इंजिनाचा रेटा) असताना इंजिन हवा ओढून घेतं. तोंडाशी ती हवा वेग घेते आणि थंड होते. बाहेर ४-५ अंश असले तरी आत शून्याखाली जाऊ शकतं. त्यावर थोडी सुरक्षित मोकळीक धरून १० चा आकडा आला. चढताना आणि क्रूझमध्ये एसएटी उणे ४० च्या खाली असेल तर ते बंद ठेवता येतं. उतरताना मात्र बर्फाच्या वातावरणात उणे ४० च्या खालीही लावावं लागतं.

हे स्विच विसरल्यावर काय होतं याचं उदाहरण १३ जानेवारी १९८२ चं. वॉशिंग्टनहून हिमवर्षावात निघालेल्या एअर फ्लोरिडाच्या ७३७-२०० वर इंजिन अँटी-आइस बंदच राहिलं. इंजिनाच्या तोंडाशी दाब मोजणारी नळी गोठली, आणि थ्रस्टचा काटा २.०४ दाखवत होता तेव्हा खरा आकडा १.७० च्या आसपास होता. म्हणजे वैमानिकांनी थ्रस्ट 'बरोबर' लावला होता. तो मुळात अपुरा होता. त्यात पंखांवर बर्फ होता. विमान पोटोमॅक नदीवरच्या पुलावर आदळून पाण्यात पडलं आणि पुलावरच्या चौघांसह ७८ जण गेले. इतर इंजिन-काटे थ्रस्टच्या काट्याशी जुळत नव्हते. सिममध्येही ही सवय लावून घ्यावी: टेकऑफला एकच काटा न पाहता एन१ (इंजिनाच्या पुढच्या पंख्याचा फिरण्याचा वेग), इंधनप्रवाह आणि तापमान एकमेकांशी जुळतात का ते बघावं.

आपल्याकडे बर्फ कुठे भेटतो

पावसाळ्यात महाराष्ट्रावर शून्य अंशाची पातळी साधारण १६,००० ते १८,००० फुटांवर असते. बारामतीच्या परिसरात ३,००० फुटांवर फिरणाऱ्या शिकाऊ विमानाला पंखावरचा बर्फ भेटण्याचं कारणच नाही. मुंबईत उतरणारी जेट हा पट्टा झपाट्याने ओलांडतात. कात्रीत सापडतं ते एटीआर ७२, हे प्रोपेलरचं (टर्बोप्रॉप) प्रवासी विमान. त्याची कमाल उंची २५,००० फूट, क्रूझ बहुधा त्याच्याही खाली. म्हणजे पावसाळी ढगांत ते नेमकं ० ते उणे १५ च्या पट्ट्यात तासभर चालू शकतं. टर्बोप्रॉपच्या वैमानिकांना बर्फाचं प्रशिक्षण इतकं घोटून का दिलं जातं, ते यावरून लक्षात येईल.

एटीआरच्या पंखाच्या कडेला रबरी बूट असतात. त्यांत ठराविक क्रमाने हवा भरली की ते फुगतात, बर्फ तडकतो आणि वारा तो उडवून नेतो. पूर्वी शिकवत की अर्धा-पाव इंच थर जमू द्या, नाहीतर फुगलेल्या बुटावर बर्फाची कमान उरेल. आधुनिक बुटांबाबत ही भीती फारशी उरलेली नाही. विमानाच्या पुस्तकात वेगळं लिहिलेलं नसेल तर बर्फ दिसताच सुरू करावं. प्रोपेलर, काचा आणि पिटो विजेवर तापतात. एटीआरमध्ये ढगात शिरण्याआधी हे तापवणं सुरू करायचं, बूट बर्फ साचू लागला की. शिवाय बर्फात किमान वेग वाढवून धरावा लागतो, आणि तो वाढीव वेग बर्फ खरोखर गेल्याची खात्री होईपर्यंत सोडायचा नाही.

३१ ऑक्टोबर १९९४ ला इंडियानापोलिसहून शिकागोला निघालेलं अमेरिकन ईगलचं ४१८४ हे उड्डाण, एटीआर ७२-२१२, १०,००० फुटांवर होल्डिंगमध्ये घिरट्या घालत होतं. गोठणारी भुरभुर होती. होल्डमध्ये फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेला बाहेर काढता येणाऱ्या झडपा) १५ अंशांवर होते. त्यामुळे नाक खाली राहतं, हल्ल्याचा कोन (पंखाचा समोरच्या हवेशी होणारा) कमी राहतो, सगळं आरामात वाटतं. दरम्यान बुटांच्या मागे, जिथे फुगवायला काहीच नाही, तिथे बर्फाचा आडवा बांध तयार झाला. खाली उतरण्याची परवानगी मिळाली, वेग वाढला, फ्लॅपची वेगमर्यादा ओलांडल्याचा इशारा आला आणि फ्लॅप आत घेतले गेले. कोन वाढला, बांधामागे हवा एलेरॉनपुढेच (विमान कलवणाऱ्या पंखटोकाच्या झडपेपुढेच) सुटली आणि एलेरॉन स्वतःहून एका बाजूला खेचला गेला. ऑटोपायलट सुटला, विमान उलटलं. ६८ जण होते, कोणीही वाचलं नाही. नंतर एटीआरचे बूट मागेपर्यंत वाढवण्यात आले. अशा मोठ्या थेंबांसाठीचे प्रमाणन नियम अमेरिकेत यायला मात्र २०१४ उजाडलं. त्याआधीचे नियम ५० मायक्रॉनपर्यंतच्या (०.०५ मिलिमीटर) थेंबांचाच विचार करत. वीस वर्षं हा उशीर फारच मोठा म्हणायला हवा.

ऑटोपायलटचा दोष इथे नीट समजून घेण्यासारखा आहे. बर्फ चढतो तसा तो गुपचूप ट्रिम (नाकाचा तोल धरून ठेवणारी जुळवणी) फिरवत राहतो, आणि त्याची ताकद संपली की बिघडलेलं विमान अचानक तुमच्या हातात देतो. म्हणून बर्फात मधूनमधून तो सोडून हाताने विमान कसं लागतं ते पाहावं. व्हर्टिकल स्पीडच्या मोडमध्ये चढू नये. तो मोड ठरलेला चढ टिकवण्यासाठी वेगाचा बळी देतो. वेग धरणारा मोड लावा. मग चढ कमी झाला की लगेच दिसेल.

पिटो नळी काय खोटं बोलते

वेगाचा काटा हा दोन दाबांतला फरक असतो: पिटोतून समोरचा, स्टॅटिक छिद्रातून आजूबाजूचा. कुठलं छिद्र बुजलं त्यावर खोटं कसं असेल ते ठरतं. पिटोचं तोंड बुजलं पण पाणी जाण्याचं बारीक छिद्र उघडं असेल, तर काटा शून्याकडे घसरतो. दोन्ही बुजली तर आत जुना दाब अडकतो आणि वेगाचा काटा उंचीच्या काट्यासारखा वागतो: वर चढलात की वाढतो, खाली आलात की घटतो. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण चढताना वेग वाढतोय म्हणून माणूस नाक आणखी वर उचलतो. स्टॅटिक बुजलं तर उंची गोठते, चढ-उताराचा काटा शून्यावर बसतो, आणि चढताना वेग खऱ्यापेक्षा कमी दिसतो. सेसनात त्यासाठी पर्यायी स्टॅटिकचा नॉब असतो.

रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्स ४४७ या ए३३० च्या पिटो नळ्या १ जून २००९ ला ३५,००० फुटांवर बर्फाच्या कणांनी बुजल्या. पिटो हीट चालू होती. कण इतके की ती पुरली नाही. वेगाचे आकडे बिघडले, ऑटोपायलट सुटला, नाक वर ओढलं गेलं आणि विमान स्टॉलमध्ये गेलं. नळ्या मिनिटभरात मोकळ्या झाल्या होत्या. ऑटोपायलट सुटल्यापासून समुद्रावर आदळेपर्यंत ४ मिनिटं २३ सेकंद गेली. विमानातले सगळे २२८ जण गेले. वेग संशयास्पद झाला तर ठराविक पिच (नाकाचा कोन) आणि ठराविक थ्रस्ट लावून विमान स्थिर धरायचं असतं. आपल्या आवडत्या विमानासाठी हे दोन आकडे सिममध्ये शोधून कागदावर लिहून ठेवा.

सिम्युलेटरचं गणित

मायक्रोसॉफ्टच्या एमएसएफएस या सिममध्ये सबंध विमानावरच्या बर्फासाठी टक्केवारीचा एकच आकडा असतो. पिटोचा वेगळा. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिममध्ये डावा पंख, उजवा पंख, प्रोपेलर, इंजिनाचं तोंड, पिटो, हल्ल्याच्या कोनाची फिरकी आणि काच यांचे आकडे स्वतंत्र आहेत. त्यामुळे तिथे एका पंखावर जास्त बर्फ दाखवता येतो. पण बुटांमागचा बांध, एलेरॉनचं ओढलं जाणं, शेपटीचा वेगळा स्टॉल हे एखाद-दोन आकड्यांत मावत नाही. थेंब केवढे आहेत हेही घरगुती सिमला फारसं ठाऊक नसतं. शून्याखाली ढगात गेलात की बर्फ, असा ढोबळ कारभार. एमएसएफएस २०२० मध्ये आला तेव्हा काचा इतक्या पटकन पांढऱ्या होत की लोक वैतागून बर्फाचा परिणाम बंदच करून टाकत. आता बंद असेल तर तपासा: असिस्टन्स पर्यायांत तो केवळ दिसण्यापुरताही ठेवता येतो, आणि मग पंख पांढरा होऊनही विमान मजेत उडतं.

विमान कंपन्यांच्या मोठ्या सिम्युलेटरचीही गोष्ट फार वेगळी नव्हती. बर्फ म्हणजे वजनात भर, एवढ्यावर बरीच वर्षं भागवलं जाई. २०१६ मध्ये एफएएने नियम बदलले आणि लिफ्ट घटणं, स्टॉलचा कोन कमी होणं हे परिणाम दाखवणं आवश्यक केलं.

घरच्या सिमवर एक प्रयोग करण्यासारखा आहे. ठिकाण शिकागो-इंडियानापोलिसचा हिवाळा. हवामान हाताने लावा: समुद्रसपाटीला ६ अंश, सलग ढग ४,००० ते ९,००० फूट. दर हजार फुटांना तापमान साधारण २ अंश उतरतं, म्हणजे शून्य ३,००० फुटांवर आणि ६,००० वर उणे ६. सेसना १७२एस घ्या, पिटो हीट लावा, ६,००० फुटांवर ऑटोपायलटने उंची धरा, इंजिन २,४०० आरपीएमवर. दर दोन मिनिटांनी वेग आणि ट्रिमच्या चाकाची जागा लिहा. ट्रिम मागे सरकताना आणि वेग एकेक नॉट गळताना दिसेल. ९० नॉटला ऑटोपायलट सोडा आणि ३,००० च्या खाली उतरा. दुसऱ्यांदा करताना १५ मिनिटांनी पिटो हीट बंद करून बघा, मग पिटो नळीवरचा भाग पुन्हा वाचा.

उतरताना स्वच्छ १७२एस चा फ्लॅपविना स्टॉल ४८ नॉटला आहे, हे विसरून जा. पाव इंच बर्फ असेल तर पुस्तक सांगतं: फ्लॅप लावू नका, ६५ ते ७५ नॉटने या. केबिन हीट आणि काचेची गरम हवा पूर्ण. तरी काच साफ झाली नाही तर डाव्या खिडकीतून हात घालून थोडी जागा खरवडा आणि स्लिप करून (विमान तिरकं घसरवत) बाजूने बघत उतरा. फ्लॅप का नकोत? फ्लॅप बाहेर काढले की पंखामागची हवा जास्त खाली वळते, आणि बर्फाने आधीच बिघडलेल्या शेपटीचा स्टॉल होऊ शकतो. योक (हातातलं नियंत्रणाचं चाक) पुढे हिसकला जातो, नाक खाली कोसळतं. फ्लॅप बाहेर काढल्यावर लगेच हे झालं तर योक मागे ओढा आणि फ्लॅप आत घ्या. पंखाच्या स्टॉलवरच्या उपायाच्या नेमकं उलट.

आणि उन्हातला बर्फ

बारामतीच्या विमानालाही एक बर्फ भेटू शकतो: कार्बोरेटरमधला. आत पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद घशातून जाताना तापमान २० अंश किंवा त्याहूनही जास्त खाली येतं. बाहेर २१ अंशांपर्यंत आणि आर्द्रता ८० टक्क्यांवर असेल तर धोका सर्वांत जास्त. पण ३० अंशांच्या वरही होऊ शकतो. ढगही लागत नाही. जुलैतली सकाळ पुरते, त्यातही थ्रॉटल कमी करून उतरताना.

लक्षण: फिक्स्ड पिच प्रोपेलर (पात्यांचा कोन न बदलणारा) असेल तर थ्रॉटल न हलवता आरपीएम हळूहळू उतरतो. कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा देणारी सोय) लावली की तो आणखी थोडा पडतो, कारण गरम हवा विरळ असते. बर्फ असेल तर इंजिन खडखडतं, वितळलेलं पाणी आत जातं, आणि मग आरपीएम आधीपेक्षा वर चढतो. घाबरून मध्येच हीट बंद करणारे इथे फसतात. अर्धवट हीट तर मुळीच नको, कारण अतिथंड हवेला ती नेमकी बर्फ धरणाऱ्या तापमानापर्यंत आणून ठेवू शकते. हे सिममध्ये बघायचं तर १७२एस चालणार नाही. तिचं इंजिन इंधन-इंजेक्शनचं, कार्ब हीटचा नॉबच नाही. सेसना १५२ घ्या.